सार्वजनिक म्हणजे कुणाचे? महाडचे तळे, ब्लॅक पँथर आणि आपल्या शहरांतल्या पायऱ्या

महाडबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा पाण्याबद्दल बोलतो. पण महाडचा खरा वाद पाण्यापेक्षा 'सार्वजनिक' या एका शब्दाचा होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे तो ठराव सांगत होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर सगळे मिळाले होते. तरीही १९२७ च्या मार्चपर्यंत एकाही अस्पृश्याने त्या तळ्याचे पाणी घेतले नव्हते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर सवर्णांनी मारहाण केली, तळ्याचे 'शुद्धीकरण' केले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे सवर्ण न्यायालयात गेले. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी ते न वापरण्याची पूर्वापार रूढी आहे, हा त्यांचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे गेली, आणि वाद एवढाच होता की सर्वांच्या पैशाची वस्तू सर्वांची असते की नसते.

हा इतिहास आपल्याला पाठ आहे. आम्हाला या लेखात विचारायचे आहे ते पुढचे. सर्वांच्या पैशातून बांधलेला फुटपाथ, रेल्वे स्थानक, महापालिकेचे कार्यालय, सार्वजनिक शौचालय, वाचनालय, बाग हे सगळे अपंग माणसाला वापरता येत नसेल, तर ते सार्वजनिक आहे का? आणि नसेल, तर महाडच्या वारसांनी या प्रश्नावर गप्प कसे राहायचे?

मनुस्मृतीतले दुसरे पान

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. शूद्र, अतिशूद्र आणि स्त्रिया यांच्याबद्दल त्या ग्रंथात काय आहे हे आपले कार्यकर्ते तोंडपाठ सांगतात. त्याच ग्रंथात अपंगांबद्दल काय आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

नवव्या अध्यायात वारसाहक्काची चर्चा आहे. जन्मांध, बहिरे, मुके, वेडे, इंद्रियाने अधू अशा माणसांना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा नाही, असा तिथे नियम आहे. लगेच पुढच्या श्लोकात अशा लोकांना अन्नवस्त्र द्यावे, असे सांगितले आहे. अकराव्या अध्यायात तर शरीरातल्या व्यंगांची यादीच दिली आहे आणि प्रत्येक व्यंगामागे पूर्वीचे पाप लावून दिले आहे. अमुक चोरले म्हणून लंगडा झाला, तमुक चोरले म्हणून आंधळा झाला.

ही रचना नीट पाहा. आधी सांगायचे की तुझी अवस्था तुझ्याच पूर्वकर्माचे फळ आहे. मग हक्क काढून घ्यायचा. आणि शेवटी दया म्हणून दोन घास द्यायचे. जातीच्या बाबतीत जे तंत्र वापरले, तेच इथे शरीराच्या बाबतीत वापरले आहे. अपंगाला हिस्सा नाकारणारी ही रूढी इंग्रजी न्यायालयांतही चालू राहिली. १९२८ च्या कायद्याने ती बरीचशी मोडली, पण जन्मापासून वेडे किंवा मतिमंद असलेल्यांना तेव्हाही वगळलेच. पूर्ण बंदी गेली ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात. कुठलाही रोग, व्यंग किंवा विरूपता वारसाहक्काच्या आड येणार नाही, असे त्याचे २८ वे कलम सांगते. हिंदू कोड बिलाच्या लढाईचे हेही एक फळ आहे, पण आपल्या भाषणांत त्याचा उल्लेख येत नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला. गरीब आणि दुबळ्या माणसाच्या अवस्थेची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर येऊ नये, यासाठीच हा सिद्धान्त उपयोगी पडतो, असा त्यांचा रोख आहे. अपंगत्वाच्या चळवळीने जगभर जे पुढे मांडले, त्याचे मूळ इथे सापडते. पाय नसणे ही शरीराची स्थिती आहे. पण कार्यालयात जाता न येणे ही जिना बांधणाऱ्याची करणी आहे. पहिल्याला कुणी दोषी नाही. दुसऱ्याला आहे.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. विनयपिटकातही प्रव्रज्येच्या नियमांत काही रोग आणि अपंगत्वे असलेल्यांना संघप्रवेश नाकारलेला आहे. ग्रंथ आपला असला म्हणून प्रश्न विचारायचा नाही, ही सवय बाबासाहेबांनी आपल्याला लावलेली नाही.

रस्त्यावर दिसू नका

अपंग माणसाला सार्वजनिक जागेतून हाकलणे हे केवळ भारताचे वैशिष्ट्य नाही. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराने १८६७ मध्ये आणि शिकागोने १८८१ मध्ये असे नियम केले की, रोगी, जखमी, विद्रूप शरीराच्या माणसाने रस्त्यावर लोकांच्या नजरेस पडू नये. शिकागोचा नियम १९७४ पर्यंत पुस्तकात होता.

आपल्याकडे इंग्रजांनी १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी कायदा केला. गरीब, निराधार कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात ठेवण्याची त्यात तरतूद होती. त्याचे नववे कलम तर महाडच्या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखे आहे. अधिसूचित भागात कुष्ठरोग्याने मनाई केलेल्या सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, पाणी घेऊ नये. भाड्याने चालणाऱ्या सार्वजनिक वाहनात बसू नये. रेल्वे तेवढी वगळलेली होती. तळे, पाणी, वाहन हे शब्द आपल्याला नवे नाहीत. एकाला जातीने अस्पृश्य केले, दुसऱ्याला रोगाने. हा कायदा केंद्राने २०१६ मध्ये रद्द केला. म्हणजे संविधान लागू झाल्यावरही तो साठहून अधिक वर्षे पुस्तकात राहिला.

दुसरा कायदा आजही महाराष्ट्रात आहे, तो म्हणजे १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा. भीक मिळावी म्हणून जखम, व्यंग, रोग उघडा करून दाखवणे हे त्याच्या व्याख्येतच बसवले आहे. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे स्थानबद्धता होऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीपुरत्या या कायद्याच्या मुख्य शिक्षा घटनाबाह्य ठरवल्या. ज्याला शाळेत जाता आले नाही, बसमध्ये चढता आले नाही, म्हणून काम मिळाले नाही, त्याने हात पसरला की गुन्हा! आधी सगळी दारे बंद करायची आणि मग दाराबाहेर बसला म्हणून पकडायचे, असा हा न्याय आहे.

पँथर जेवण घेऊन आले

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीवरून आपण नाव घेतले, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे. त्या ब्लॅक पँथरनी अपंगांच्या लढ्यात काय केले, हेही माहीत असायला हवे.

अमेरिकेत १९७३ मध्ये पुनर्वसन कायदा झाला. त्याच्या ५०४ व्या कलमाने सांगितले की, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. बोले ठरावाचीच ही भाषा आहे: सरकारी पैसा घेता, तर सर्वांना दार उघडा. आणि पुढे झालेही महाडसारखेच. कायद्याची अंमलबजावणी करणारे नियम चार वर्षे सहीविना पडून राहिले.

५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शंभराहून अधिक लोक आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याच्या कार्यालयात शिरले आणि तिथेच बसले. त्यांत व्हीलचेअरवरचे होते, अंध होते, कर्णबधिर होते. ज्युडी ह्यूमन आणि किटी कोन या दोघी पुढे होत्या. रात्रीला औषध नाही, अंथरूण नाही, कूस बदलायला मदतनीस नाही, अशी कित्येकांची अवस्था होती. फोनच्या तारा तोडल्यावर कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप दिले.

या आंदोलकांत ब्रॅड लोमॅक्स होते. ते ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराने व्हीलचेअरवर आलेले. त्यांच्यामुळे पार्टीने हा लढा आपला मानला. पँथरचे लोक रोज ओकलंडहून गरम जेवण घेऊन येत राहिले. आपल्या वस्तीतल्या मुलांना सकाळचा नाश्ता देण्याचा त्यांचा अनुभव इथे कामी आला. त्या जेवणाशिवाय इतके दिवस टिकणे अवघड होते, असे आंदोलकांनीच पुढे सांगितले. २८ एप्रिलला मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली. ज्या शहराने ११० वर्षांपूर्वी अपंगांना रस्त्यावर दिसण्याची बंदी केली होती, त्याच शहरात हे घडले. याच पायावर १९९० चा अमेरिकी अपंगत्व कायदा उभा राहिला.

पँथरनी हा लढा 'आपला नाही' असे म्हटले नाही. गोऱ्या कार्यकर्त्यांची संख्या जास्त आहे म्हणून तोंड फिरवले नाही. सरकारी पैशावरच्या इमारतीत कुणाला शिरता येते आणि कुणाला नाही, हा प्रश्न त्यांना चांगलाच ओळखीचा होता.

कायदा आला, उतार आला नाही

आता आपल्या देशाकडे या. संविधानाच्या १५ (२) कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. महाडचा लढाच जणू त्या कलमात उतरला आहे. मात्र तिथे भेदभावाची जी कारणे दिली आहेत ती धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान ही आहेत. अपंगत्व त्यात नाही. ४१ व्या कलमात अपंगत्वाचा उल्लेख येतो, पण तो मदतीच्या संदर्भात, आणि तेही राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत.

१९९५ मध्ये पहिला अपंग व्यक्ती कायदा झाला. जावेद अबिदी आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी दिल्लीत रस्त्यावर उतरून तो मिळवला. रस्ते, वाहने, इमारती सुगम करण्याची भाषा त्यात होती, पण पुन्हा तीच मेख मारलेली: आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. हे शब्द वीस वर्षे प्रत्येक नगरपालिकेला पुरले. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार स्वीकारला आणि २०१६ मध्ये नवा कायदा आला. त्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. नव्या इमारतीला सुगमतेचे निकष पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे ४४ वे कलम सांगते. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे ४५ वे कलम सांगते. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली.

मुदत संपल्यानंतरचे चित्र काय आहे? ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत व्हीलचेअर वापरणाऱ्या एका वधूला विवाह नोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले. लिफ्ट नव्हती आणि अधिकारी खाली उतरून आले नाहीत. गाजावाजा झाला तेव्हा उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षी मुंबईच्या फुटपाथांवर लावलेल्या खांबांमुळे व्हीलचेअर शिरत नाही, या तक्रारीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खांब कशासाठी होते? दुचाकी फुटपाथवर चढू नयेत म्हणून. दुचाकीवाल्याला आवरता आले नाही, म्हणून व्हीलचेअरवाल्याला अडवले.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर महत्त्वाचा निकाल दिला. रतुरी स्वतः दृष्टिबाधित, आणि त्यांची याचिका २००५ सालची. कायदा सुगमता बंधनकारक करतो, पण सरकारने केलेला १५ वा नियम मात्र नुसत्या शिफारशींवर भागवतो, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले. तीन महिन्यांत बंधनकारक निकष करा, असा आदेश दिला. याचिकेपासून या निकालापर्यंत एकोणीस वर्षे. महाडला चौदा लागली होती.

हरिजन आणि दिव्यांग

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी अपंगांसाठी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि लवकरच तो सरकारी फलकांवर आला. आपल्याला हे नाटक ओळखीचे आहे. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत अस्पृश्यांना कायद्यात 'हरिजन' म्हणण्याचा घाट घातला गेला, तेव्हा भाऊराव गायकवाड आणि बाबासाहेबांनी विरोध केला आणि सभात्याग केला. ज्यांना नाव द्यायचे, त्यांना विचारायचे नाही. हक्काच्या जागी देवाचे नाव लावायचे. आणि गोड नावाखाली जुनी अवस्था तशीच ठेवायची. ज्याला महापालिकेच्या दारातून आत जाता येत नाही, त्याच्या अंगात दिव्यत्व शोधण्यापेक्षा दारापुढच्या तीन पायऱ्या काढा. ज्या अपंग बांधवांना हा शब्द आवडतो त्यांच्याशी आमचे भांडण नाही. म्हणूनच आम्ही इथे साधा 'अपंग' हा शब्द वापरतो.

हा आपला प्रश्न का आहे

काही साथी म्हणतील, जात आणि अपंगत्व यांची तुलना करू नका. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अपंग मूल ब्राह्मणाच्या घरीही जन्मते, आणि त्या घरात त्याच्यासाठी गाडी, चालक, मदतनीस असू शकतो. पायरी विटाळ मानत नाही, तळ्यावरचा सवर्ण मानत होता. फरक आहेच. पण म्हणूनच हा प्रश्न आपल्याकडे जास्त तीव्र होतो. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींत हे प्रमाण २.४५ टक्के आहे. जनगणना कारण सांगत नाही. पण गटारात, खाणीत, वीटभट्टीवर, बांधकामाच्या परातीखाली कोणाचे शरीर झिजते, आणि उपचार कोणाला उशिरा मिळतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आम्ही शहरातल्या वस्त्यांमध्ये काम करतो. तिथले सार्वजनिक शौचालय उंच जोत्यावर असते, दार अरुंद असते, आत धरायला दांडा नसतो. अपंग स्त्री दिवसभर पाणी कमी पिते, कारण संध्याकाळी भाऊ किंवा नवरा कामावरून आल्याशिवाय तिला तिथे जाता येत नाही. पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर घर मिळते आणि लिफ्ट महिनोन्‌महिने बंद असते. श्रीमंत अपंगाला शहर अडवते, गरीब दलित अपंगाला शहर घरात कोंडते.

बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडायला सांगितले, कारण खेडे जातीचा कोंडवाडा होते. शहरात माणूस फुटपाथवरून मान वर करून चालू शकतो, हे शहराचे वचन होते. ज्याला त्या फुटपाथवर चढताच येत नाही, त्याच्यासाठी हे वचन अपुरे राहिले.

खर्चाचा मुद्दा नेहमी येतो. नव्या इमारतीत उतार काढायला लागणारा पैसा एकूण खर्चात किरकोळ असतो. पैसा लागतो तो आधी चुकीचे बांधून मग तोडताना. जपानमध्ये सेइची मियाके यांनी अंधांसाठी उंचवट्याच्या फरशा तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या. आज मेट्रो स्थानकांवर दिसणाऱ्या पिवळ्या पट्ट्या त्याच. आणि फुटपाथचा उतार गरोदर बाईला, हमालाला, हातगाडीवाल्याला, म्हाताऱ्या आईलाही लागतो.

आता काय करायचे

पहिले काम, आपले विहार. सरकारी निकषानुसार उताराचे प्रमाण किमान एकास बारा हवे. म्हणजे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर उताराची लांबी अठरा फूट हवी. दार नव्वद सेंटिमीटर मोकळे हवे. टेप घेऊन या पौर्णिमेला मोजा.

दुसरे, आपले मंडप. १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सभांमध्ये व्यासपीठाला उतार, पुढे व्हीलचेअरसाठी जागा, खुणांच्या भाषेचा दुभाषी आणि वापरता येईल असे शौचालय असले पाहिजे. व्यासपीठाचा उतार यासाठी की अपंग साथी श्रोता म्हणून नाही, वक्ता म्हणून यावा.

तिसरे, माहितीचा अधिकार. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी अपंगांसाठी राखायचा आहे. तो किती होता, कुठे खर्च झाला, कोणत्या इमारतींची सुगमता तपासणी झाली, ४४ व्या कलमाचा निकष न पाळता किती पूर्णत्वाचे दाखले दिले, हे आपल्या महापालिकेला लेखी विचारा. उत्तर आले नाही तर अपील करा, आणि पुण्याच्या अपंग कल्याण आयुक्तालयात तक्रार करा. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि नंतर पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. तो वापरला गेला पाहिजे.

चौथे, नेतृत्व. हा लढा अपंगांच्या वतीने लढायचा नाही. ब्रॅड लोमॅक्स पँथरही होते आणि आंदोलकही. आपल्या शाखांत अपंग साथी किती आहेत आणि किती पदांवर आहेत, हे प्रत्येक शाखेने मोजावे.

बाबासाहेब अखेरच्या वर्षांत मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने त्रस्त होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षा समारंभात ते काठी आणि सहकाऱ्याच्या खांद्याच्या आधाराने उभे होते. त्या दिवशी लाखो लोकांनी त्या थकलेल्या शरीराकडे दयेने पाहिले नाही. त्याच्या शब्दामागे उभे राहून त्यांनी आपले आयुष्य बदलले. अपंग माणसाशी कसे वागायचे, याचा धडा आपल्याच इतिहासात आहे.

१९२४ चा महाडचा ठराव तीन वर्षे कागदावर पडून होता. लोक चालत गेले तेव्हा तो जिवंत झाला. २०१६ चा कायदाही आपली वाट पाहतो आहे. या वेळी काहींना चालत जाता येणार नाही, त्यांच्या खुर्चीच्या वेगाने आपण सगळे जाऊ.

जय भीम!